आरव्हीत राहायला गेलं की खर्च संपतो? एक खुलासा

‘अमेरिकेत घर विका, आरव्ही घ्या, सरकारी जमिनीवर कायमचं फुकट राहा आणि पन्नाशीआधीच निवृत्त व्हा’ असा मेसेज सध्या फिरतोय. आरव्ही म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली, घरासारखी मोठी गाडी. त्यातलं ‘कायमचं’ साफ चुकीचं आहे.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या बऱ्याच मोकळ्या जमिनींवर फुकट मुक्काम करता येतो, हे खरं. पण साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच. मग गाडी हलवावीच लागते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा लांबचा मुक्काम करता येतो, मात्र परवाना विकत घेऊन. शिवाय फुकटच्या जागी नळ नाही, वीज नाही. सांडपाण्याची टाकी भरली की ती रिकामी करायला डंप स्टेशन गाठायचं, तिथेही अनेकदा पैसे मोजायचे.

खरी मेख आरोग्य विम्यात आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, साधारणपणे ६५व्या वर्षी सुरू होतो. तोवर विमा स्वतःच बघायचा, आणि बऱ्याच पॉलिसींचं डॉक्टरांचं नेटवर्क एकाच राज्यापुरतं असतं. बाहेर तातडीचे उपचार सोडून काही करायचं झालं, तर अख्खं बिल अंगावर येऊ शकतं. सतत राज्यं बदलणाऱ्याला हे डिझेलपेक्षा महाग पडू शकतं, आणि मेसेजमध्ये याचा उल्लेखही नसावा, हे मला फार खटकतं.

निवृत्ती खात्यातले पैसे साडेएकोणसाठ वर्षांआधी काढले, तर काही अपवाद वगळता १० टक्के दंड, वर आयकर.

हे आयुष्य सुंदर आहेच. पण घर विकण्याआधी आरव्ही भाड्याने घ्या आणि पाण्याचे पाइप गोठतात असा एखादा हिवाळी महिना त्यात काढून बघा.