बोट ठेवायला जागा

पुण्यात बोट घ्यायचं तुमच्या मनात आलंय, आनंद आहे. समुद्र घाटाखाली, नदी जलपर्णीखाली आणि धरणात आपलं पिण्याचं पाणी. अशा गावात बोट घ्यायला जो स्वभाव लागतो तो तुमच्याकडे आहे. आता फक्त जागा लागेल. ती नसते. पण तो विचार बोट घेतल्यानंतर करायचा असतो. पुण्यात चारचाकी घेणाऱ्या बहुतेकांनी हेच केलंय आणि त्यांचं काही अडलेलं नाही. अडतं ते मागून येणाऱ्याचं.

मी स्वतः ऑक्टोबर २०२३ मध्ये अलिबागकडून एक १६ फुटी फायबरची बोट, ट्रेलरसकट, जुनी घेतली. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाताना पलीकडे एनडीएच्या शिडाच्या बोटी दिसल्या आणि तिखटमीठ जरा जास्तच चढलं, एवढंच कारण. तेव्हा पुढचा सगळा सल्ला अनुभवाचा आहे.

बोट विकणाऱ्याने मला पहिला प्रश्न विचारला, "घरी गॅरेज आहे ना?" तुम्हालाही विचारेल. बेधडक हो म्हणा. पुण्यात गॅरेज हा शब्द एकाच अर्थाने वापरतात: जिथे गाडी सोडली की संध्याकाळी बिल मिळतं ती जागा. मी आमच्या भागात तिघांना विचारलं, "इथे कुठे गॅरेज मिळेल का हो?" तिघांनी एकाच मेकॅनिककडे पाठवलं. त्याने बोटीला एक प्रदक्षिणा घातली, पंखा हाताने फिरवून पाहिला आणि म्हणाला, "टाकून जा, बघतो." त्याच्या दारात आधीच अकरा गाड्या टाकलेल्या होत्या, रस्त्यावर.

खरी गॅरेजं पुण्यात नाहीत असं नाही. प्रभात रोडला, मॉडेल कॉलनीत जुन्या बंगल्यांना आहेत. एकात पोळीभाजी केंद्र आहे, एकात झेरॉक्स, एकात होमिओपॅथीचे डॉक्टर बसतात. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच दिलेली आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. पुण्यात एवढं तयार मिळालं तर चौथी भिंत रातोरात उभी राहते आणि वन आरके म्हणून भाड्याने जाते. इमारतीखाली खांबांच्या मधे असतं ते गॅरेज नव्हे, ते बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. तुम्ही त्याआधी त्याचे पैसे मोजले असतील तर ती पावती जपून ठेवा. बोटीत ठेवायला बरी.

आता माप. हा भाग लक्ष देऊन वाचा आणि योग्य ठिकाणी वाचणं थांबवा.

बोट १६ फूट. आपल्याकडे एका मोटारीच्या पार्किंगचं नियमातलं माप २.५ मीटर बाय ५ मीटर. ५ मीटर म्हणजे १६ फूट ५ इंच. म्हणजे बोट आत जाऊन वर पाच इंच उरतात! हे गणित मी घरी सगळ्यांसमोर कागदावर करून दाखवलं आणि त्याच रात्री ॲडव्हान्स पाठवला. तुम्हीही इथेच थांबा.

थांबला नसाल तर ऐका. बोटीची लांबी सांगताना लोक फक्त बोटीची सांगतात. मागे लटकलेलं आउटबोर्ड इंजिन दीड फूट, पुढे ट्रेलरची दांडी चार फूट. हे म्हणजे कार्पेट आणि सुपर बिल्टअपसारखंच, फक्त उलट्या बाजूने फसवणारं. सगळं मिळून साडेएकवीस फूट. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक गणिताचे निवृत्त सर आहेत. ते टेप घेऊन खाली आले आणि म्हणाले, "तिरकी लावा." मग त्यांनी पार्किंगच्या फरशीवर खडूने काटकोन त्रिकोण काढला. कर्ण आला ५.५९ मीटर, म्हणजे १८ फूट ४ इंच. तात्पर्य, बोटीला रुंदीच नसती तरीसुद्धा तीन फूट बाहेर राहिली असती. सरांचा त्रिकोण पुढे आठवडाभर पुसला गेला नाही. कोणीतरी लिंबू उतरवून टाकलंय अशा नजरेने लोक त्याला वळसा घालून जात होते.

दोन युक्त्या मात्र खऱ्या आहेत. दांडीला बिजागरी करून घ्या, ती घडी घातली की दोनएक फूट वाचतात. आणि इंजिन वर उचलून ठेवू नका, उचललेलं इंजिन मागे जास्त पसरतं. ते खाली सोडून एका बाजूला वळवा. या दोन्ही गोष्टी करून मी जवळपास अडीच फूट जागा वाचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अडीच फुटांत कुणाची तरी ॲक्टिवा उभी होती.

बोट आत घेण्याचा मुहूर्त दुपारी एक ते चारमधला धरा. साक्षीदार झोपलेले असतात. मी रविवारी सकाळी घेतली, ही चूक. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उपाय सोपा आहे: स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं, मग ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात न्यायचा. मला तो येत होता. पण मागे सहा जण उभे होते आणि त्यांना तो माहीत नव्हता. एक म्हणतो डावीकडे घ्या, दुसरा म्हणतो अहो त्यांची डावी की आपली? वॉचमनकाका एका हाताने बोलावतायत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." पुण्यातलं "बास!" हे नेहमी आवाज झाल्यानंतर येतं. त्यानुसार आवाज झाला, मग बास आलं. खांबाला टेकून उभी असलेली चेअरमनसाहेबांची चेतक बऱ्याच वर्षांनी जागेवरून हलली.

हे चेतक प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुमची लढाई बोटीची नाहीच. आमच्या पार्किंगमध्ये पाटी आहे: "वाहनांव्यतिरिक्त कोणतेही सामान येथे ठेवू नये. आज्ञेवरून." या पाटीखाली एक लाकडी पाळणा, दोन कमोड, कोणाच्या तरी लग्नातला सोफा आणि वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं आहे. चेतक चालू नाही, तिला किल्लीही नाही, पण ती वाहन आहे. तिला कोणी हात लावत नाही. त्यामुळे तुम्हाला सिद्ध करायचंय एकच, की बोट हे सामान नव्हे.

यासाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा हाताशी ठेवा. त्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. मी सभेत उभं राहून ते कलम वाचून दाखवलं. दोन मिनिटं शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "ट्रेलर वाहन असेल हो, मान्य. पण मग त्याच्यावर जे ठेवलंय ते सामानच झालं ना?" तेव्हापासून मी त्यांना वाकून नमस्कार करतो.

आणि बोट ऑक्टोबरातच आणा, हेही सांगून ठेवतो. सोसायटीच्या वार्षिक सभेची मुदत ३० सप्टेंबर. ऑक्टोबरात आणलेली बोट अकरा-बारा महिने निवांत उभी राहते, कारण विशेष सभा बोलवायची तर चहा-बिस्किटांचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा यावर एकमत होत नाही. शेवटी "आयत्या वेळचे विषय" यात बोट येते तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. आमच्याकडे तेवढ्यातही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मुद्दा काढलाच. "आज यांची बोट, उद्या कोणी विमान आणेल." टाळ्या पडल्या. विमानाच्या विरोधात ठराव एकमताने झाला. बोटीचा पुढच्या वर्षावर गेला.

पुणेकरांचा बोटीवर राग जुना असावा असं मला त्या सभेत वाटून गेलं. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. शाळेत आपण याची कारणं राजकीय म्हणून पाठ केली. मला आता वाटतं, पार्किंगचं असणार.

सोसायटीत नाहीच जमलं तर रस्ता आहे. महापालिकेचे पी-वन, पी-टू फलक बघून ठेवा: विषम तारखेला एका बाजूला, सम तारखेला समोरच्या बाजूला. म्हणजे रोज मध्यरात्री बोट रस्ता ओलांडणार. खडकवासल्यापर्यंत ती कधी पोचेल न पोचेल, पण वर्षाअखेर तिचा एकूण प्रवास बघा, पाण्यावरच्या बऱ्याच बोटींना लाजवेल. उचलून नेणाऱ्या गाडीची मात्र धास्ती बाळगा. बाकीच्या वाहनांना त्यांना आधी उचलावं लागतं, तुमच्या बोटीला पुढे ओढायची सोय आयतीच केलेली असते.

भाद्रपदात दहा दिवस फुकट जागा मिळते, ती सोडू नका. बोट मंडळाला द्या. रस्त्याच्या मधोमध, मांडवाखाली, वर दिव्यांच्या माळा, भोवती निळ्या कापडाच्या लाटा. रोज हजार माणसं तिच्यासमोर हात जोडतात, एकही माणूस "ही इथे का?" असं विचारत नाही. माझ्या बोटीला तिच्या आयुष्यात मिळालेला हा एकमेव आदर. अकराव्या दिवशी सकाळी कार्यकर्ते ती ढकलत परत घेऊन आले. डोळे तारवटलेले, अंगावर गुलाल. त्यांनी ती अशी काही एका दमात, एका रेषेत आत घातली की मी बघतच राहिलो. स्टिअरिंग नाही, टेप नाही, त्रिकोण नाही. "मोरया" म्हणाले आणि गेले. पण तो शेवटचाच प्रसंग. पुढच्या वर्षी त्यांचा देखावा किल्ल्याचा होता.

पावसाळ्याबद्दल एवढंच सांगतो की बोट ठेवताना पुढची बाजू, कोकणात जिला नाळ म्हणतात ती, उंच ठेवायची आणि मागे तळाला असलेलं बूच काढून ठेवायचं. म्हणजे आत पडलेलं पाणी आपोआप वाहून जातं. मी काढलं नव्हतं. बूच न लावता बोट पाण्यात ढकलणाऱ्या लोकांचे किस्से मी ऐकले होते, त्यामुळे आपलं बूच घट्टच बरं असा माझा हिशेब. बोटीची नाळ छपराबाहेर, आणि गच्चीचा पाइप नेमका तिथे उतरतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताडपत्री उचलली तर आत वीतभर पाणी. एवढ्या बोटीत वीतभर पाणी म्हणजे सहज टनभर वजन. ट्रेलरची टायरं भाकरीसारखी बसलेली. त्या पाण्यात डासांच्या अळ्या नाचत होत्या. बोट घेतल्यापासून तिच्या संबंधात पोहलेले पहिले जीव ते. तपासणीवाले आले, त्यांनी मला नोटीस दिली, आणि नोटिशीत "कुंडी, टायर, पिंप, इतर" यांपैकी "इतर"वर खूण केली. नंतर मी बूच काढून अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवलं. ते ठिकाण अजून सापडलेलं नाही.

मग २५ जुलै २०२४ चा दिवस आला. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सिंहगड रोडला एकतानगरीत इमारतींच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि लोकांना काढायला बोटी आत गेल्या. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्यांदाच माझ्या बोटीविषयी कुणी आपुलकीने बोललं. "काका, तुमची बोट काढता येईल का?" खरं सांगतो, गळा दाटून आला. रेनकोट चढवून धावत खाली गेलो. बोटीच्या पुढ्यात सात दुचाक्या, सगळ्यांचे हँडल लॉक. त्यांतल्या तीन विचारणाऱ्याच्याच घरच्या. तो किल्ल्या घेऊन खाली येईपर्यंत ज्यांना काढायचं त्यांना लष्कराने आणि अग्निशमन दलाने काढलं होतं. बूच नव्हतंच, त्यामुळे जे झालं ते बरंच झालं, पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आता मात्र बोट सोसायटीने स्वीकारली आहे. कशी, ते तुम्हाला उपयोगी पडेल: तिला उपयोगी पडू द्या. आधी काकूंनी आकाशकंदिलाचा सांगाडा "दोन दिवस" ठेवला. मग सत्यनारायणाचे चौरंग आले, मग मुलांचे क्रिकेटचे स्टंप, मग तो पाळणा. बोट आता सामान नाही, सामान ठेवायची जागा आहे, आणि तशा जागेला आमच्याकडे कोणीही हरकत घेत नाही. मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी तिच्यावर एक पाटीही लावली: "बोटीत वस्तू ठेवताना रजिस्टरमध्ये नोंद करावी. ओल्या छत्र्या ठेवू नयेत."

या गडबडीत मी ती विकायला काढली, तर कोणाला सांगू नका. परवा मुरूडहून एक गृहस्थ खास बघायला आले होते. पैसे खिशात घेऊन आले होते असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. गेटवरून फोन केला, "पोचलो. गाडी कुठे लावू?"

मी म्हटलं, जरा एक चक्कर मारून या, बघतो.

त्यांनी तीन मारल्या. चौथ्या वेळी फोन आला तो ताम्हिणी घाटातून.