"डिपॉझिट स्कीममध्ये नाही? तिप्पट आपोआप मिळतात!" नाही हो, असं होत नाही

इंग्लंडला शिकायला आलेल्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरमालकाने डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य डिपॉझिट-सुरक्षा स्कीममध्ये टाकलं नाही तर प्रत्येक भाडेकरूला आपोआप डिपॉझिटच्या तिप्पट पैसे, तोपर्यंत भाडं बंद करा, मालक तुम्हाला काढूच शकत नाही, आणि जे काय करायचं ते घर सोडायच्या आधी करा, नंतर दमडी मिळणार नाही. शेवटी "जास्तीत जास्त शेअर करा" आहेच.

३० दिवसांचं खरंय. हाउसिंग ॲक्ट २००४ मधली ही तरतूद एप्रिल २००७ पासून लागू आहे, आधी मुदत १४ दिवस होती ती २०१२ मध्ये ३० झाली. डिपॉझिट हातात पडल्यापासून तेवढ्या दिवसांत मालकाने किंवा एजंटने ते डीपीएस, मायडिपॉझिट्स किंवा टीडीएस या तीन स्कीमपैकी एकीकडे नोंदवायचं आणि कुठे ठेवलंय, परत कसं मिळेल, वाद झाला तर काय, ही ठरलेली माहिती भाडेकरूला लेखी द्यायची. ही माहिती दिली नाही तरी नियम मोडलाच, भले पैसे स्कीममध्ये सुरक्षित असोत. आणि ही गंमत फार कमी जणांना माहीत असते, की डिपॉझिट तुमच्या वतीने ठरवून दुसऱ्या कुणी भरलं असेल, म्हणजे पुण्याहून बाबांनी किंवा लेस्टरच्या काकांनी, तर ती माहिती त्यांनाही द्यावी लागते.

आता "आपोआप तिप्पट". आपोआप काही होत नाही. स्कीमवाले हा दंड देत नाहीत, कौन्सिल (इथली नगरपालिका) देत नाही, काउंटी कोर्टात तुम्हाला अर्ज करावा लागतो, फी भरून (उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये सवलत मागता येते). कोर्टाला नियम मोडल्याचं पटलं की दंड द्यावाच लागतो, पण तो किमान एक पट आणि कमाल तीन पट, मधला आकडा जज ठरवतो. पहिल्यांदाच एक फ्लॅट भाड्याने दिलेली आजी आणि वीस घरं चालवणारा मुरलेला मालक यांना एकच माप लागत नाही. मालकाने नंतर घाबरून ४५व्या दिवशी पैसे नोंदवले म्हणून दंडाची जबाबदारी संपत नाही, फक्त जजला तो जरा बरा वाटू शकतो.

"प्रत्येकाला" हा शब्द तर कुणी घुसडला देव जाणे. समजा तिघांनी मिळून एकाच ॲग्रीमेंटवर घर घेतलं, भाडं महिना १,३०० पाउंड. टेनन्ट फीज ॲक्ट २०१९ प्रमाणे एवढ्या भाड्याला डिपॉझिट पाच आठवड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे १,५०० पाउंड. दंड १,५०० ते ४,५०० च्या मधे, तोही तिघांत मिळून, शिवाय मूळ डिपॉझिटचा प्रश्न वेगळा. क्लेममध्येही तिघांना घ्यावं लागतं, एकजण इंडियाला परत गेला आणि फोन उचलत नाही तर वांधे. प्रत्येकाचं ॲग्रीमेंट आणि डिपॉझिट वेगळं असेल तर मात्र हिशोबही वेगवेगळा. आणि गॅरंटर (भाड्याची हमी देणारा) नाही म्हणून ज्यांच्याकडून सहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स घेतलं गेलं त्यांनी ती रक्कम या गुणाकारात धरू नका, ते आगाऊ भाडं आहे, डिपॉझिट नाही.

"भाडं बंद करा" हे सगळ्यात घातक. मालकाने एक नियम मोडला म्हणून तुमची भाड्याची जबाबदारी संपत नाही, दंड कोर्टाने मंजूर करेपर्यंत तो तुमचा पैसा नाहीच, मग तो भाड्यातून वळता कसा करणार? आपल्याकडे शेवटचे दोन महिने "डिपॉझिटमधून कापून घ्या काका" म्हणून निघतात आणि काकाही हो म्हणतात, ती सवय इथे आणू नका, मालकाची लेखी संमती नसेल तर ती सरळ थकबाकी. थकबाकीवर मालक कोर्टात गेला आणि तुमच्यावर सीसीजे (पैसे भरा असा काउंटी कोर्टाचा निकाल) आला, तर महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं रेकॉर्डवर राहतो, आणि यूकेच्या व्हिसा फॉर्मवर तुमच्याविरुद्ध पैशांबाबत कोर्टाचा निकाल आहे का असा प्रश्न असतो. उलट तुम्ही मालकावर डिपॉझिटचा क्लेम केला तर ते साधं दिवाणी प्रकरण, त्याने व्हिसा जात नाही. मुलं मात्र नेमकी उलटी घाबरतात, क्लेमला घाबरतात आणि भाडं बिनधास्त थांबवतात.

"काढूच शकत नाही" हे अर्धं सत्य. डिपॉझिट नीट नोंदवलेलं नसेल तर कारण न देता घर खाली करायला लावणारी सेक्शन २१ ची नोटीस चालायची नाही, फॉरवर्डचं मूळ तिथे आहे. पण इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून सेक्शन २१च बंद, घर खाली करून घ्यायला कारण दाखवावंच लागतं. त्यातही डिपॉझिटचा घोळ असेल तर मालकाला ताबा मिळायला अडचण येते, पण तो सुनावणीपर्यंत डिपॉझिट नोंदवू शकतो किंवा परत करू शकतो आणि मग भाडं थांबवून साठलेली तुमची तीन महिन्यांची थकबाकी समोर असतेच.

"नंतर काही मिळत नाही" हे तर साफ खोटं. साधारण सहा वर्षांपर्यंत क्लेम करता येतो, घर सोडलं असलं तरी, पुण्याला परतलात तरी.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते पण सांगतो. मालक त्याच घरात राहतो आणि तुम्ही एका खोलीत, म्हणजे आपल्याच एखाद्या देसी फॅमिलीकडे लॉजर आहात, तर हा कायदा लागू नाही. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या हॉस्टेललाही नाही.

कोर्टाच्या गप्पा मारण्याआधी तिन्ही स्कीमच्या साइटवर शोधा. पोस्टकोड, आडनाव, टेनन्सीची तारीख, रक्कम असं काय काय विचारतात. आपल्या नावांचा इथे हमखास गोंधळ होतो, एजंट वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकतो, किंवा नोंद हाऊसमेटच्या नावावर असते आणि तुम्हाला "सापडलं नाही" दिसतं. सगळी नावं उलटसुलट टाकून बघा, स्क्रीनशॉट ठेवा, स्कीमला ईमेल करून विचारा. खरंच नसेल तर बँक ट्रान्स्फर, ॲग्रीमेंट आणि मेसेज एकत्र करून मालकाला लेखी पत्र पाठवा की अमुक तारखेपर्यंत तोडगा काढा नाहीतर कोर्टात जाऊ. कॅशने दिलं असेल तर निदान "मिळाले" असा त्याचा मेसेज शोधा. पत्र पाठवण्याआधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांना फुकट विचारून घ्या, कारण केस हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो.

आणि स्कॉटलंडवाल्यांनी यातलं काहीच जसंच्या तसं घेऊ नका. तुमच्याकडे ३० कामाचे दिवस, कोर्टाऐवजी ट्रायब्युनल, आणि टेनन्सी संपल्यापासून अर्जाला फक्त तीन महिने.