फिरता ब्लाउजपीस

सकाळी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाउजपीस एक बाई दुसरीला देते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी तो फिरून पहिल्याच बाईच्या ओटीत पडतो. मागे हसण्याचा आवाज. खाली सगळ्यांचे हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. आणि भाच्याचा मेसेज, 'काय फालतू प्रथा आहे, बंद करा आता.'

मला नाही हसू आलं. दुपारपर्यंत राग येत राहिला, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या आईकडे एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात खण आणि ब्लाउजपीस, घडी घालून, प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी. 'वन्सं, बारसं.' 'शेजारच्या काकू, चैत्रगौर.' ज्यांनी दिला त्यांनाच परत जाऊ नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, आई चिकट आहे. एकदा आईनं एक जांभळा खण शेजारच्या काकूंना ओटीत दिला होता. काठाजवळ इस्त्रीचा चटका बसून नखाएवढा पिवळट डाग पडला होता, आईला देताना त्याचं वाईटही वाटलं होतं. सहा-सात वर्षांनी कराडला मामेबहिणीच्या लग्नात आईची ओटी भरली गेली आणि घरी येऊन बघते तर तोच खण. तोच डाग. मला वाटलं आता आई चिडणार. आई पलंगावर बसून तो खण मांडीवर घेऊन आठवायला लागली. काकूंनी त्यांच्या नणंदेला दिला असेल, नणंद दिली इस्लामपूरला, तिथून विहीणबाईंकडे... बोटं मोजत मोजत तिनं पाच घरं जुळवली. आणि म्हणाली, 'बघ, किती जणींच्या मांडीवर बसून आला.'

आता हे ऐका. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला ट्रोब्रिआंड नावाची बेटं आहेत. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे राहिला आणि १९२२ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की ही माणसं होड्यांतून समुद्र ओलांडून एकमेकांना लाल शिंपल्यांच्या माळा आणि पांढऱ्या शंखांची कडी देतात. माळा एका दिशेनं फिरतात, कडी उलट दिशेनं. फार दिवस कुणी स्वतःकडे ठेवायच्या नाहीत. ठेवल्या तर नाव खराब होतं. नामांकित माळांना स्वतःची नावं असतात आणि त्या कुणाकुणाकडून आल्या हे लोकांना पाठ असतं. याला कुला म्हणतात. शंभर वर्षं झाली, जगभरच्या विद्यापीठांत हे शिकवतात. समाजशास्त्राच्या एम.ए.ला मीही परीक्षेपुरतं घोकलं होतं. आणि माझ्या घरात माझी आई पाच घरं बोटांवर मोजत होती ते मला दिसलं नव्हतं!

म्हणजे बेटावरच्या माणसाची माळ फिरली तर ती संस्कृती, आणि आपल्या आयांचा खण फिरला तर तो विनोद?

त्या ब्लाउजपीसचा ब्लाउज शिवायचा नसतोच बहुतेक वेळा. तो घरोघर जाण्यासाठी असतो. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ मध्ये मांडलं की भेट म्हणजे तीन बंधनं, द्यायचं, घ्यायचं आणि परत करायचं. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. हिशोब मिटू द्यायचा नाही, कारण हिशोब मिटला की येणं-जाणं मिटलं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, त्यातलाच हा भाग. आणि संक्रांतीच्या वाणाला आपण 'वाटणं' म्हणत नाही, 'लुटणं' म्हणतो. देणाऱ्या बाईनं उपकार केल्यासारखं दिसूच नये, घेणारीनं लुटून न्यावं. किती सुंदर आहे हे! रोज तोंडात असलेला शब्द, आणि मला तो पंचेचाळिसाव्या वर्षी ऐकू आला.

हो, कपाटं भरून पॉलिस्टरचे पीस साठतात, ते कुणाच्याच कामाचे नसतात, मान्य. आणि याच मानववंशशास्त्राच्या नावाखाली इंग्रजांच्या काळात रिस्ले नावाच्या साहेबानं आपल्या लोकांची नाकं मोजून जाती लावल्या, तेही मान्य. पुढे.

राग फक्त भाच्यावर नाहीये. त्याच ग्रुपवर दुसरे काका आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्टीत विज्ञान. कुंकवानं अमुक नाडी दाबली जाते, जोडव्यांनी तमुक होतं. अहो, बाई काय करते, कुणासाठी करते, कुणाला बोलावते, कुणाला वगळते, ते एकदा नुसतं बघा ना! एक हसतो, एक हात जोडतो. बघत दोघंही नाहीत.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या. लांबून नोंदी काढत नाही, वारकऱ्यांबरोबर. ज्या भूमीचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असं त्यांना त्या वाटेवर उमगलं. आणि त्याच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या होतात, तेही त्यांनी पाहिलं, त्याचं त्यांना दुःख झालं आणि त्यांनी ते लिहिलं. प्रेम आहे म्हणून डोळे मिटले नाहीत. मला हे हवंय. एवढंच हवंय.

आणि आता जे लिहायचं मी सकाळपासून टाळतेय ते.

बाबा २००९ ला गेले. पुढच्या संक्रांतीला एका नातेवाईकांकडे हळदीकुंकू होतं, आई माझ्याबरोबर आली होती. सतरंजीवर बायका ओळीनं बसलेल्या. यजमानीण कुयरी घेऊन एकेकीला लावत येत होती. माझ्या आधी आई होती. आईचा चेहरा सवयीनं थोडा वर झाला, तीस-पस्तीस वर्षांची सवय ती. आणि यजमानीण आईला ओलांडून माझ्यासमोर आली. मुद्दाम अपमान नाही केला तिनं, तिचा हात आपोआप पुढे सरकला. आईनं चेहरा खाली केला आणि पदराची नीट असलेली निरी पुन्हा नीट करत बसली. मी कुंकू लावून घेतलं. काही बोलले नाही. सोळा वर्षं झाली, ती निरी अजून डोळ्यांपुढे आहे.

ज्या बाईनं पाच घरं मोजली होती, तिला त्या फेऱ्यातून एका दिवसात बाहेर काढलं. ट्रंक तिच्याकडेच राहिली, पण तिच्या ओटीत पुन्हा खण पडला नाही. प्रथा माणसं जोडते हे मी वर मोठ्या उमाळ्यानं लिहिलं ते खरंच आहे. कुणाला वगळून जोडते, तेही तितकंच खरं आहे. हे दुसरं दिसल्यावर गप्प बसता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या लोकांनी मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. मग सरकारनं बाकीच्या गावांना सांगितलं की असं करा. शिरोळ तालुक्यातलं गाव आधी, सरकार नंतर. त्यांनी कुंकूच बंद करा असं म्हटलं नाही. त्यांनी ते सगळ्यांचं केलं. भाच्या, वाचतोयस ना?

(राग उतरला आता थोडा. तू लहान आहेस, तुला ती ट्रंक कुणी दाखवलीच नाही, ती चूक आमची.)

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. सगळ्याजणी या. नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडून आलेल्या, लग्नच न केलेल्या, सगळ्या. संध्याकाळी आईला फोन केला, म्हटलं, पहिली ओटी तुझी भरणार आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मी आतल्या खोलीत बसेन गं, लोक येतात.' मी म्हटलं, बाहेर बसायचं, सतरंजीवर, माझ्या आधी. तिनं हो म्हटलेलं नाही अजून. पण फोन ठेवता ठेवता स्वतःशीच पुटपुटली, 'तो जांभळा कुठाय, ट्रंकेत वरच आहे का?'