मांगातून इतिहास पातळ होतो म्हणणाऱ्यांना

वाचनाच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. जपानचा इतिहास आणि तिथल्या लोककथा मांगातून, म्हणजे जपानी चित्रकथांतून, किंवा ग्राफिक नॉव्हेलमधून वाचू नका, असं त्याचं सांगणं. कारणं पाच दिली आहेत. ही मुलांची चित्रं, त्यांत इतिहास पातळ होतो. मूळ लोककथा बिघडतात. चित्र समोर आलं की वाचकाची कल्पनाशक्ती थांबते. सामुराईंचा उदोउदो होतो आणि युद्धातली पापं झाकली जातात. म्हणून जपान समजून घ्यायचा तर ‘खरी पुस्तकं’ वाचा. पालक आणि शिक्षक हा मजकूर एकमेकांना पाठवत आहेत. तो वाचून कुणी मुलाच्या हातातलं एखादं चांगलं पुस्तक काढून घेतलं तर नुकसान त्या मुलाचं होईल, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

पहिला आक्षेप पातळ इतिहासाचा. मजकुरात शिगेरू मिझुकी या मांगाकाराचं नावच नाही, आणि त्यांना वगळून या विषयावर बोलता येत नाही. मिझुकी १९२२ साली जन्मले आणि साकाइमिनातो या बंदराच्या गावात वाढले. दुसऱ्या महायुद्धात साधे शिपाई म्हणून त्यांना आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर राबाउलला पाठवलं. तिथे त्यांच्या चौकीवर हल्ला झाला आणि सोबतचे सगळे मारले गेले. हे एकटे जंगलातून कसेबसे तळावर पोहोचले, तर जिवंत परत कशाला आलास म्हणून वरिष्ठांनी झापलं. पुढे मलेरियाने आडवे असताना विमानांतून बॉम्ब पडले आणि डावा हात गेला. पुढची सगळी चित्रं त्यांनी एकाच हाताने काढली.

१९७३ साली त्यांनी ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’, म्हणजे ‘सगळ्यांनी वीरमरण पत्करा’, हे पुस्तक काढलं. एका तुकडीला शत्रूवर चालून जाऊन मरण्याचा हुकूम होतो. काही जण त्यातून वाचतात. पण सगळे वीरमरण पावले, असं वरच्या कार्यालयाने आधीच कळवून टाकलेलं असतं. आता हे जिवंत असणंच लष्कराला अडचणीचं होतं, आणि त्यांना पुन्हा मरायला पाठवलं जातं. यातला ९० टक्के भाग खरा आहे, असं मिझुकींनी स्वतः सांगितलं होतं. फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात २००९ साली या पुस्तकाला वारसा विभागाचा पुरस्कार मिळाला. भूक, हगवण, डास, खाल्लेल्या थोबाडीत आणि पपईची स्वप्नं, हे शिपायाचं रोजचं जगणं लष्करी इतिहासाच्या किती जाड ग्रंथांत सापडतं?

त्यानंतर आठ खंडांचा ‘शोवा-शी’, १९८८-८९ मधला. सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीचा, म्हणजे १९२६ ते १९८९ या काळाचा इतिहास. मला हे मिझुकींचं सर्वांत मोठं काम वाटतं, आणि ते त्यातल्या चित्रांच्या रीतीमुळे. मंत्रिमंडळं, लढाया, जपानी सैन्याने चीनमध्ये केलेला नानजिंगचा संहार हे सगळं छायाचित्राइतक्या काटेकोर, काळ्याभोर रेषांत येतं. त्याच पानावर छोटा शिगेरू गोल चेहऱ्याचा, दोन ठिपक्यांच्या डोळ्यांचा, खाण्यामागे धावणारा. देशाचा इतिहास आणि एका माणसाचं आयुष्य यांतलं अंतर एका नजरेत दिसतं. गद्यात हे करायला प्रकरणं बदलावी लागतात, आणि तोवर पहिल्याचा परिणाम ओसरलेला असतो. बरं, ही सगळी हकिकत सांगतो कोण, तर नेझुमी-ओतोको, म्हणजे लोककथांच्या दुनियेतला अर्धा माणूस, अर्धा उंदीर. त्यामुळे कथन कुणातरी विशिष्ट तोंडातून येतंय याचं भान वाचकाला सतत राहतं. पाठ्यपुस्तकाच्या निनावी सुरात ते राहत नाही.

मूळ लोककथा बिघडतात, हा दुसरा आक्षेप. याच्यावर जरा थांबायला हवं, कारण त्यामागे खरी काळजी आहे.

मिझुकींचा सर्वांत लाडका नायक म्हणजे किटारो, एका डोळ्याचा, थडग्यातून जन्मलेला मुलगा. तो कुठून आला? जपानभर एक जुनी कथा आहे. एक फिकट चेहऱ्याची बाई रोज रात्री दुकानात येऊन थोडी मिठाई घेऊन जाते. एके रात्री दुकानदार तिच्या मागे जातो, तर ती स्मशानात नाहीशी होते आणि जमिनीखालून बाळाचं रडणं ऐकू येतं. थडगं उकरल्यावर मेलेल्या आईजवळ जिवंत बाळ सापडतं, त्या मिठाईवर जगलेलं. क्योटोच्या हिगाशियामा भागात या कथेच्या नावाची मिठाई आजही मिळते. १९३० च्या दशकात या कथेचा धागा धरून कामिशिबाइवाल्यांनी किटारो उभा केला. सायकलवर लाकडी चौकट ठेवून चित्रांचे पुठ्ठे सरकवत गल्लीतल्या मुलांना गोष्टी सांगायच्या आणि गोळ्या विकायच्या, असा तो धंदा. युद्धानंतर मिझुकी त्याच धंद्यात चित्रं काढत होते. तिथून १९६० साली किटारो भाड्याने मिळणाऱ्या मांगात आला, १९६५ साली मोठ्या साप्ताहिकात, १९६८ साली टीव्हीवर. आता यातलं ‘मूळ’ कुठलं धरायचं? प्रत्येक पिढीने कथा उचलली आणि आपल्या काळात जे माध्यम हाताशी होतं त्यात सांगितली.

चित्रं तर या परंपरेत पहिल्यापासून आहेत. तोरियामा सेकिएन याने १७७६ साली योकाईंचा, म्हणजे भुताखेतांचा आणि गूढ जीवांचा, सचित्र संग्रह छापला. त्याच्या पुढच्या संग्रहांतले कितीतरी जीव त्याने स्वतः रचलेले होते, आणि आज तेही ‘पारंपरिक’ गणले जातात. मोमोतारोसारख्या गोष्टी एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) मुलांनी लाल वेष्टनाच्या चित्रपुस्तिकांत वाचल्या. अमाबिएची गोष्ट मला या सगळ्यांत बोलकी वाटते. १८४६ सालच्या एका छापील पत्रकानुसार हिगो प्रांताच्या, म्हणजे आजच्या कुमामोतोच्या, समुद्रातून लांब केसांचा, चोच असलेला एक जीव वर आला. सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगराईही पसरेल, तेव्हा माझं चित्र काढून लोकांना दाखवा, असं सांगून तो पाण्यात गेला. २०२० च्या साथीत जपानमधल्या हजारो लोकांनी अमाबिए काढला, आरोग्य मंत्रालयाने तो आपल्या जनजागृतीत वापरला, आणि मिझुकींनी पूर्वी काढलेलं अमाबिएचं चित्रही त्या दिवसांत घरोघरी पोहोचलं. लोककथेतला जीव स्वतःच चित्र काढा म्हणत असेल, तर चित्राने लोककथा बिघडते हे कसं मान्य करायचं?

या आक्षेपात एक गोष्ट मात्र बरोबर आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. ताकदवान चित्र बाकीची रूपं पुसून टाकू शकतं. नुरिकाबे हे त्याचं उदाहरण. रात्री रस्त्याने चालताना पुढे अचानक न दिसणारी भिंत आडवी येते, अशी जपानच्या नैऋत्येकडच्या क्यूशू बेटाच्या किनारपट्टीवरची समजूत होती, आणि लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी ती नोंदवली होती. मिझुकींनी त्या न दिसणाऱ्या भिंतीला डोळे आणि हातपाय दिले. आज जपानमधल्या कुठल्याही मुलाला नुरिकाबे काढायला सांगा, ते मिझुकींचाच काढेल. पुढे एका जुन्या चित्रगुंडाळीत नुरिकाबे याच नावाचा तीन डोळ्यांचा, सुळ्यांचा, चार पायांचा प्राणी सापडला, तेव्हा अभ्यासकांनाही आश्चर्य वाटलं. हे नुकसान आहेच. पण यानागितांची ती कोरडी नोंद अभ्यासकांच्या कपाटातच राहिली असती. नुरिकाबे आज जिवंत आहे, म्हणून तर त्याचं जुनं रूप शोधावंसं कुणाला वाटतं.

कल्पनाशक्तीच्या आक्षेपावर फार शब्द खर्च करत नाही. ११५९ च्या हेइजी बंडात सांजो राजवाडा जळाला, ते दृश्य तेराव्या शतकातल्या चित्रगुंडाळीत आहे. ज्वाळा, धावणारे घोडे, विहिरीत पडलेली माणसं. गुंडाळी हाताने उलगडत नेताना पुढे काय येणार याचा अंदाज पाहणाराच बांधत असतो. मांगातही दोन चौकटींच्या मधे काय घडलं ते वाचकालाच जुळवावं लागतं.

आता चौथा आक्षेप, पापं झाकण्याचा. सामुराईंचा पोकळ गौरव करणारी चित्रपुस्तकं आहेत, हे खरं. त्याहून वाईटही घडलं आहे. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं नातं जपानमधल्या ओकायामाशी आहे, ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान. तोच ओकायामा मोमोतारोला आपला मानतो, पीचच्या फळातून जन्मून राक्षसांच्या बेटावर स्वारी करणाऱ्या मुलाला. या गोड मुलाला जपानच्या नौदलाने युद्धप्रचाराला जुंपलं, आणि १९४५ साली त्याच्यावर पूर्ण लांबीचा प्रचारपट निघाला. पण हा प्रचार चित्रांपुरता नव्हता. वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं, गाणी, सगळी त्याच कामाला लागली होती.

उलट बाजू पाहा. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. शाळेच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. १९६६ साली आई वारली. दहनानंतर तिची हाडंसुद्धा शिल्लक राहिली नाहीत, ती किरणोत्साराने खाल्ली होती असं त्यांना वाटलं. त्या संतापातून ते या विषयाकडे वळले आणि १९७३ साली त्यांची ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, ही मांगा सुरू झाली. तिच्यातला बाप युद्धाला विरोध करतो म्हणून शेजारी त्याला देशद्रोही ठरवतात. संकटात या कुटुंबाला हात देतो तो कोरियन शेजारी. पुढच्या खंडांत जपानी सैन्याचे आशियातले अत्याचार येतात आणि सम्राटाला उघड जाब विचारला जातो. यातलं काय झाकलेलं आहे?

झाकायचा प्रयत्न दुसऱ्या बाजूने झाला. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना ही मांगा वाचनालयातल्या बंद कपाटात हलवायला सांगितलं. कारण सैनिकांच्या क्रौर्याची दृश्यं. पुढच्या ऑगस्टमध्ये ही बातमी फुटली, देशभर विरोध झाला आणि मंडळाला माघार घ्यावी लागली. २०२३ साली खुद्द हिरोशिमाने आपल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ‘गेन’चे उतारे काढले. आजारी आईसाठी गेन तळ्यातला मासा चोरतो, असले प्रसंग मुलांना नीट कळणार नाहीत, असं एक कारण पुढे आलं. उपाशी मुलाची चोरी मुलांना कळत नाही, हे मला पटत नाही.

राहता राहिली ‘खरी पुस्तकं’. जपानमधले इतिहासकार इएनागा साबुरो यांनी शालेय पाठ्यपुस्तक लिहिलं. सरकारी तपासनीसांनी युद्धाबद्दलचे उल्लेख बदलायला, गाळायला सांगितले. इएनागा १९६५ साली कोर्टात गेले आणि शेवटचा निकाल लागला १९९७ साली. माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या युनिट ७३१ चा उल्लेख काढायला लावणं बेकायदेशीर होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या तिसऱ्या खटल्यात मान्य केलं, तेव्हा पहिल्या खटल्याला ३२ वर्षं झाली होती. त्याच काळात मिझुकी आणि नाकाझावा दुकानात मिळणाऱ्या मांगात युद्धाबद्दल मोकळेपणाने लिहीत होते.

खोटेपणाही फक्त चित्रांचा नसतो. मियामोतो मुसाशी या जुन्या काळच्या नामांकित तलवारबाजावरची ‘व्हॅगाबाँड’ ही लोकप्रिय मांगा इतिहास म्हणून वाचू नये, हे मीही सांगेन. पण ती बेतलेली आहे योशिकावा एइजी यांच्या कादंबरीवर, १९३५ ते १९३९ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः आलेल्या. मुसाशीची वाट पाहणारी ओत्सू त्या कादंबरीतच जन्मली. याच्या उलट ‘गोल्डन कामुइ’. रशिया-जपान युद्धानंतरच्या, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची ती काल्पनिक साहसकथा आहे, पण तिच्यातली तिथल्या मूळ रहिवाशांची ऐनू भाषा तपासली हिरोशी नाकागावा या ऐनू भाषेच्या अभ्यासकाने. तेव्हा पुस्तक हातात घेतल्यावर कथेचा आधार काय, लेखकाने तो सांगितला आहे का आणि कुणाकडून तपासून घेतलं आहे, एवढं पाहावं. गद्यालाही हीच कसोटी लावावी.

मुलांना काय द्यावं, असं पालक विचारतील तर दहाबारा वर्षांच्या मुलांना किटारो द्या. ‘गेन’ साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षापासून द्यावं, आणि मोठ्या माणसाने सोबत वाचावं, कारण जळालेल्या माणसांची चित्रं सोसायला जड आहेत. तोमोको किकुची यांच्या अनुवादामुळे ते हिंदीतही वाचता येतं. ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’ आणि ‘शोवा-शी’ अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.