छत्री घेणाऱ्या माणसासाठी मार्गदर्शन

सगळ्यांनाच पावसात नाचायचंय. मग छत्री कोण घेणार?

‘सिंगिन इन द रेन’ तुम्ही पाहिला असेल. सिनेमा नाही तर निदान ते गाणं तरी. नायक जीन केली भर पावसात दिव्याच्या खांबावर चढतो, पन्हळीच्या धारेखाली तोंड वर करून उभा राहतो, डबक्यात लहान पोरासारखा उड्या मारतो. मग एक पोलीस येऊन समोर उभा राहतो आणि स्वारी शहाण्यासारखी घरची वाट धरते. जाता जाता मान खाली घालून लगबगीनं चाललेल्या कुणा वाटसरूच्या हातात छत्री ठेवते. वाटसरू छत्री घेतो आणि निघून जातो. संपलं काम. श्रेयनामावलीत त्याचं नाव शोधू नका, नाहीये.

त्या वाटसरूचं नाव स्नब पोलार्ड. सिनेमा १९५२ चा, आणि त्याच्या तीस वर्षं आधी या माणसाच्या एकट्याच्या नावावर विनोदी मूकपट निघत होते. तेव्हा वाचकहो, त्या फूटपाथपर्यंत पोचायचं कसं, एवढाच आजचा विषय आहे. नाचायचं कसं हे शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, छत्री घ्यायला शिकवणारा एकही नाही.

सुरुवात नावापासून करा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव लवकरात लवकर टाकून द्या. आपला माणूस १८८९ साली मेलबर्नमध्ये जन्मला तो हॅरॉल्ड फ्रेझर म्हणून. लहानपणीच ‘पोलार्ड्‌स लिलिपुटियन ऑपेरा कंपनी’त गेला. ही पोराटोरांची नाटक कंपनी. मोठ्यांचे ऑपेरे लहान मुलांकडून करून घ्यायचे आणि देशोदेशी फिरवायचे, असा धंदा. बरीच मुलं मोठी झाली की मालकाचं आडनाव लावूनच बाहेर पडत. लॉरेल-हार्डीच्या सिनेमांत हार्डीच्या बायकोचं काम करणारी डॅफ्नी पोलार्ड याच कंपनीतली, मूळ आडनाव ट्रॉट. तिचं आणि स्नबचं नातं काही नाही, फक्त मालक एक. याच कंपनीचा एक ताफा पुढे हिंदुस्थानात आला होता. १९१० साली मद्रासला मुलांनी बंड केलं, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ऑस्ट्रेलियाला मुलांना असं परदेशी नेण्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपला हॅरॉल्ड त्या ताफ्यात नव्हता. तो अमेरिकेत राहिला, आडनाव ठेवलं आणि पुढे ‘स्नब’ जोडलं. म्हणजे बसक्या, आखूड नाकाचा. आपल्याकडे सरळ ‘नकट्या’ म्हणाले असते. असो. नाव मालकाचं, टोपणनाव नाकाचं. स्वतःचं असं काही उरलं नाही की पुढची वाट सोपी होते.

आता मिशी. चेहरा लोकांच्या लक्षात राहील अशी चूक करू नका, मिशी लक्षात राहू द्या. स्नबची मिशी म्हणजे जर्मन कैसरची मिशी उलटी चिकटवलेली. टोकं वर जायच्या ऐवजी खाली लोंबणारी, एखाद्या ओल्या झाडूसारखी. प्रेक्षक तिला बघून हसायचे. याचा फायदा असा, की मिशी काढली की तुम्हाला कुणी ओळखत नाही. हा फायदा चाळीस वर्षांनी कळतो.

मग जोडीदार. तो काळजीपूर्वक निवडा आणि तुमच्यापेक्षा पुढे जाणारा असेल याची खात्री करून घ्या. हॅल रोच नावाच्या निर्मात्याकडे हॅरॉल्ड लॉइड नावाचा विनोदी नट ‘लोनसम ल्यूक’ हे पात्र करत होता, तिथे स्नब त्याच्या जोडीला लागला. लॉइडनं लाथ मारली की पडायचं, लॉइड पळाला की मागे पळायचं. पुढे लॉइडनं गोल चष्मा लावला आणि तो मोठा झाला. १९१९ मध्ये तो दोन रिळांच्या सिनेमांकडे वळला, तेव्हा एका रिळाची रिकामी झालेली जागा स्नबला मिळाली. थोरल्याला नवी सायकल आली की जुनी धाकट्याकडे येते, तसं. एक रीळ म्हणजे दहा-बारा मिनिटांचा मामला. तेवढ्यात पडायचं, उठायचं, लग्न जमवायचं आणि पोलिसांपासून पळायचं. दिग्दर्शनाला बऱ्याचदा चार्ल्स पॅरट असायचा. तोही पुढे चार्ली चेस या नावानं नट म्हणून गाजला. म्हणजे लक्षात घ्या, या माणसाच्या डावीकडचा गेला, उजवीकडचा गेला, मागे कॅमेऱ्याजवळ उभा असलेलासुद्धा पुढे निघून गेला. असं साधायला नशीब लागतं.

इथे तुमच्याकडून एक चूक होण्याची शक्यता आहे: एखादं काम फार चांगलं करून बसाल. स्नबच्या हातून ती झाली. १९२३ सालचा ‘इट्स अ गिफ्ट’. त्यात तो संशोधक आहे. सकाळी पलंगावर पडल्या पडल्या डोक्यावर लोंबणाऱ्या दोऱ्या ओढतो. एक ओढली की न्याहारीची तयारी, दुसरी ओढली की कपड्यांची. तो उठतो, पलंग भिंतीला लागतो आणि पलंगाची शेकोटी होते. हे सगळं करताना त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर कौतुक नाही, घाई नाही, काही नाही. बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा. विनोद त्या चेहऱ्यात आहे, दोऱ्यांत नाही. मी हे रात्री साडेबाराला फोनवर पाहिलं आणि घरचे उठू नयेत म्हणून उशी तोंडावर धरली.

मग तो बाहेर पडतो. गाडी काडतुसाच्या आकाराची, जेमतेम एक माणूस मावेल एवढी, आणि तिला इंजिन नाही. हातात घोड्याच्या नालेसारखं मोठं लोहचुंबक. पुढे एखादी गाडी दिसली की चुंबक तिच्या दिशेनं धरायचं. ती गाडी ओढत नेते. ती नको त्या दिशेला वळली तर दुसरी धरायची. आज कुणी ही कल्पना घेऊन गेला असता तर त्याला स्टार्टअप म्हणून पैसे मिळाले असते. तुमच्या दृष्टीनं मात्र ही वहीत उतरवून घेण्यासारखी गोष्ट आहे. इंजिन इतरांचं, चुंबक आपलं, आणि कुठे पोचायचं ते पुढची गाडी ठरवणार.

एवढं उत्तम काम झाल्यावर ते पुसलं कसं जाणार, ही चिंता नको. हा सिनेमा शोधायला बसलात तर त्याच नावाचा डब्ल्यू. सी. फील्ड्सचा १९३४ चा बोलपट हमखास मध्ये येतो. तोही झकास आहे. बरेच जण तोच बघून झोपतात.

पुढचा टप्पा उताराचा आहे, तो झपाट्यानं जातो. रोचचा स्टुडिओ सोडा. लॉरेल-हार्डी जोरात असताना मार्विन लोबॅक नावाच्या जाड्या नटाबरोबर स्वस्तातली जाड्या-रड्या जोडी करा. मग सिनेमाला आवाज फुटू द्या. कमावलेला पैसा चांगल्या ठिकाणी गुंतवा आणि १९२९ ची मंदी येईपर्यंत थांबा. स्नबची गुंतवणूक त्या मंदीत बुडाली. मग टेक्स रिटर या गाणाऱ्या काउबॉयच्या स्वस्त सिनेमांत ‘पी वी’ नावाचा सोबती व्हा. नायक गाणं म्हणेल, तुम्ही घोडा धरा. चुंबक आता घोड्याला लावायचं, एवढाच फरक.

आणि एवढं झालं की तुम्ही ‘चरित्र अभिनेता’ होता. हा शब्द मला फार आवडतो. यातलं चरित्र नेमकं कुणाचं, हे कुणी विचारत नाही. वेटर, शिपाई, दारवान, दुकानातलं गिऱ्हाईक, रस्त्यातला भिजलेला माणूस. मीसुद्धा कॉलेजच्या एकांकिकेत पोस्टमन होतो. ‘तार आहे’ एवढंच वाक्य. तिसऱ्या प्रयोगाला मी ते जरा रंगवून म्हटलं, तर दिग्दर्शकानं विंगेत बोलावून सांगितलं, तार दे आणि जा. स्नबला हे कुणी सांगावं लागलं नसणार. जो वीस वर्षं केळीच्या सालीवरून घसरला, त्याला नुसतं सरळ चालत जाणं किती अवघड असतं हे ठाऊक असतं.

आता कळसाकडे या. धंदा तुम्हाला विसरला तरी एक दिवस त्याला तुमच्या काळाची आठवण येते. ‘गेले ते दिवस’ म्हणून गळा काढायचा असतो, त्यासाठी गेलेल्या दिवसांतली चार खरी माणसं मागे उभी असली तर बरं दिसतं. १९४७ मध्ये ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ या जुन्या मूकपटांच्या आठवणींवरच्या सिनेमात बेटी हटन नायिका होती. चेस्टर कॉन्क्लिन, हँक मान, जिमी फिनलेसन आणि स्नब अशी जुनी मंडळी मागे शोभेला. कपाटातली आजीची पैठणी लग्नात मिरवायला काढतात, तशी.

आणि मग १९५२. त्या एका वर्षात दोन सिनेमे आले. एक ‘सिंगिन इन द रेन’: बोलपट आला तेव्हा मूकपटवाल्यांची काय धांदल उडाली, त्याची गंमत. दुसरा चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’: लोकांनी टाकून दिलेल्या विनोदी नटाची कहाणी. पहिल्यात खरा मूकपटवाला आहे, तो छत्री घेतो. दुसऱ्यात लोकांनी विसरलेला खरा विनोदी नट आहे, तो रस्त्यावर वाद्य वाजवतो. दोन्ही वेळी तोच. चॅप्लिनबरोबर त्यानं १९१५ साली ‘बाय द सी’मध्ये आइस्क्रीमवाल्याचं काम केलं होतं. सदतीस वर्षांत बढती म्हणावी तर आइस्क्रीमच्या गाड्यावरून फूटपाथवर.

इथे तुमचे डोळे पाणावले असतील तर पुसा. शेवट करुण हवा असेल तर हा माणूस तुमची निराशा करेल. तो गटारात सापडला नाही, दारूत बुडाला नाही. जवळजवळ शेवटपर्यंत सकाळी उठून कामावर जात राहिला आणि जानेवारी १९६२ मध्ये बहात्तराव्या वर्षी गेला. हॉलीवूडच्या ज्या फूटपाथवर नामवंतांच्या नावाचे तारे जडवलेत, तिथे त्याच्या नावाचा तारासुद्धा आहे. फूटपाथ काही त्याला सुटला नाही. लोक त्यावरून चालत जातात, फोटो मात्र शेजारच्या ताऱ्याचा काढतात.

तर तयारीला लागा. घरच्या घरी सरावही करता येईल. पाऊस असेल त्या दिवशी मान खाली घालून झपझप चाला. समोरून कुणी खुशीत गात येईल, तुमच्या हातात छत्री देईल. ती अशी घ्या, की बघणाऱ्याची नजर गाणाऱ्यावरून हलता कामा नये. थांबू नका, वळून बघू नका, आभार मानू नका. आणि हो, छत्री घरी नेऊ नका. ती कंपनीची असते. शॉट संपला की सामानवाल्याकडे जमा करायची, आणि त्याची सही घ्यायची.