फराळाच्या डब्यातले दगड

वयाच्या नव्वदीतही तुमचे भूशास्त्रज्ञ वडील फिरून येताना खिशातून दगड आणायचे, हे तुमच्या लेखात वाचलं आणि आमचे सासरे, अण्णा, डोळ्यांसमोर आले. तेही भूशास्त्रज्ञच. एकदा दिवाळीत सासूबाईंनी चकल्यांचा डबा उघडला तर आत दोन खनिजं, स्टिल्बाइट आणि हिरवट अ‍ॅपोफिलाइट, कापसात गुंडाळून! "अहो, हे बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या, पोकळीत वाढलेले स्फटिक आहेत," अण्णा म्हणाले. यावर सासूबाई म्हणाल्या, "मग परत पोकळीतच ठेवा."

डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटी नणंद आठ दिवसांची होती. अण्णा तिकडे गेले ते बरेच दिवस आलेच नाहीत. सासूबाईंनी हे त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं, आणि बरोबरच होतं त्यांचं.

नातवंडांच्या वेळी मात्र सगळी भरपाई केली. बोरघाटात गाडी थांबवायला लावून कड्यातला तांबडा पट्टा दाखवायचे. एक लाव्हा थिजला, वरचा थर झिजून त्याची माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली, तोच हा पट्टा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगायचे अशी की जणू काल शेजारीच घडली. मागच्या गाड्यांचे हॉर्न त्यांना कधी ऐकूच आले नाहीत.

तो डबा अजून आमच्याकडे आहे. चकल्यांसाठी नवा घेतला.