पहाटेची हवा शुद्ध असते, हे कुणी सांगितलं?

थंडी पडली की सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी उत्साहाला उधाण येतं. ‘उद्यापासून पहाटे साडेपाचला फिरायला, पहाटेची हवा शुद्ध असते!’ लगेच अंगठ्यांचा पाऊस. दुपारी चारला चाला असं सुचवणाऱ्याला वेड्यात काढतात.

तरी मी तेच सुचवणार आहे. शहराला चिकटून वाढलेल्या कुठल्याही उपनगरात हिवाळ्यातली सगळ्यात वाईट हवा बहुतेक वेळा पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंतच असते.

रात्री जमीन भराभर थंड होते, तिला लागून असलेली हवाही गार पडते आणि त्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आपण झाकण म्हणू. वाराही पडलेला असतो. दुपारी हजारेक मीटर उंचीपर्यंत विरून जाणारा धूर आता शे-दोनशे मीटरच्या थरात कोंडतो. रात्रभर धावलेले डंपर, बांधकामाची धूळ, कडेला पेटवलेला कचरा, सगळं त्यातच. ऊन चढून जमीन तापेपर्यंत हे झाकण हलत नाही.

पटत नसेल तर सकाळी सहाच्या सुमारास कुठे पाला जाळताना दिसला की दोन मिनिटं थांबून बघा. धूर थोडा वर जातो, पहिल्या-दुसऱ्या मजल्यापाशी अडखळतो आणि आडवा होऊन रस्त्यावर रेंगाळतो. त्याच्याच खालून आपली मंडळी हात झोकात हलवत, छाती भरभरून श्वास घेत चाललेली असतात.

आणि हा छाती भरून घेतलेला श्वासच महागात पडतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. पळायला लागला की आकडा सहज ५० च्या पुढे जातो. दम लागल्यावर तोंडाने श्वास सुरू होतो, म्हणजे नाकाची गाळणीही बाद. तशी ती पीएम २.५ पुढे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांपुढे, हतबलच असते. आपला केस ५० ते ७० मायक्रॉन जाड. हे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात, त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून हा फक्त खोकल्याचा मामला नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती उगाच नाही.

‘ते मोठ्या शहरांचं दुखणं, आपल्याकडे कुठे?’ हेही नेहमीचंच. लंडनचं १९५२ चं धुरकं सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या चार वर्षं आधी, ऑक्टोबर १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या डोनोरा नावाच्या छोट्या कारखान्यांच्या गावावर असंच झाकण काही दिवस बसून राहिलं. वस्ती जेमतेम चौदा हजारांची. २० माणसं गेली, हजारो आजारी पडली. पाऊस आला तेव्हा कुठे हवा मोकळी झाली.

मोबाइलवरच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हवेचा निर्देशांक बऱ्याच ठिकाणी २४ तासांच्या सरासरीवर काढतात, आणि मोजणारं केंद्र तुमच्या घरापासून बरंच लांबही असू शकतं. पहाटेचा विखार त्या सरासरीत मुरून जातो. (उन्हाळ्यात गणित उलटं होतं, बरं का. तेव्हा भर दुपारी उन्हात जमिनीलगत ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू तयार होतो, आणि सकाळच बरी.)

खोकल्याचं काय करतो आपण? आठवडाभर काढा, मग उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने. धुरामुळे सुजलेल्या श्वासनलिकेवर तिचा काडीचा उपयोग नाही. डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला की घरात सुतकी चेहरे: ‘पंप एकदा लागला की सुटत नाही.’ अहो, पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. त्याचं व्यसन लागत नाही. दमा असलेल्याने थंडीच्या तोंडावर तो मनाने बंद करणं मात्र नक्कीच अंगाशी येतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती शाळांच्या सरावाची. क्रीडास्पर्धा हिवाळ्यात, म्हणून मुलं सकाळी साडेसहाला मैदानावर. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि आपण त्यांना नेमक्या त्याच वेळी पळवतो. सराव दुपारी चारला घ्यायला काय अडचण आहे? विचारलं की उत्तर येतं, ‘पहिल्यापासून असंच आहे.’

नोकरीमुळे सकाळशिवाय वेळच नाही, हे मान्य. मग निदान मुख्य रस्ता सोडा. शे-दीडशे मीटर आतल्या गल्लीतसुद्धा गाड्यांच्या धुराचा मारा बराच कमी होतो. धुरकट दिवशी घरातच व्यायाम करा, खिडक्या पहाटेऐवजी दुपारी उघडा. बाहेर पडायचंच असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लावा. रुमालातून हे कण आरपार जातात. आणि सोसायटीच्या सभेत पाला जाळण्याचा विषय निघाला की मान खाली घालून बसू नका. खड्डा करून कुजवायला जागा सगळीकडे निघते. पार्किंगला नाही का निघत?